सुरक्षेची शिल्लक कोण खर्च करणार?

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी रुपये जाहीर केले आणि 2033 पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच लहान भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवले. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन मिळून आखत असलेल्या 200 मेगावॉटच्या पहिल्या भट्टीसाठी जागा सुचवली गेली आहे ती पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची. 55 मेगावॉटच्या भट्टीसाठीही तारापूरचेच नाव आहे. एप्रिल 2025 मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी कंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या लहान अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर करून खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले.

आजवर महाराष्ट्रात अणुवीज म्हटले की तारापूर किंवा जैतापूर, म्हणजे समुद्रकाठ डोळ्यांसमोर येतो. लहान भट्टीचे तसे नाही. तिचे जे उपयोग सरकार स्वतः सांगते, त्यांत मुदत संपत आलेल्या कोळसा वीज केंद्रांच्या जागी ती बसवणे आणि मोठ्या कारखान्यांना त्यांची स्वतःची वीज पुरवणे हे दोन ठळक आहेत. राज्यातली कोळशाची जुनी केंद्रे मुख्यतः विदर्भात आहेत: पारस, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात अणुभट्टी येते आहे म्हणून हा लेख लिहिलेला नाही. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कोरडवाहू शेतीच्या, आधीच पाण्यासाठी झगडणाऱ्या वाशीम-अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात उद्या अशी चर्चा सुरू झाली, तर ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आज माहीत असले पाहिजेत. जमिनीची अधिसूचना निघाल्यावर अभ्यास सुरू केला की उशीर झालेला असतो.

लहान, एकसंध रचनेच्या, पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्टीची कल्पना खरोखर चांगली आहे. जुन्या रचनेतला एक गंभीर धोका ती मुळातून काढते. मात्र या सुधारणेतून जी सुरक्षा जास्तीची हाती लागते, ती लोकांच्या पदरात राहतेच असे नाही. अंतर कमी करणे, माणसे कमी करणे, यंत्रणा सामाईक ठेवणे, नुकसानभरपाईची मर्यादा खाली आणणे अशा सवलतींत ती खर्ची पडते. भट्टी लहान झाली म्हणून या सवलती आपोआप मान्य झाल्या, तर रचनेने जे कमावले ते आपण कागदावरच गमावून बसू.

आधी रचना पाहू. नेहमीच्या दाबयुक्त पाण्याच्या भट्टीत युरेनियमचा गाभा एका जाड पोलादी पात्रात असतो. तिथे तापलेले पाणी पाऊण मीटर व्यासाच्या पाइपांतून बाहेरच्या बाष्पजनित्रांकडे जाते, तिथे दुसऱ्या पाण्याची वाफ करते आणि पंपांनी ढकलले जाऊन गाभ्याकडे परत येते. हे पाणी तीनशे अंशांहून जास्त तापलेले असते आणि ते उकळू नये म्हणून त्याच्यावर हवेच्या सुमारे दीडशे पट दाब ठेवलेला असतो. यातला एखादा मोठा पाइप फुटला तर काही सेकंदांत गाभ्याभोवतीचे पाणी निघून जाईल. मोठ्या भट्ट्यांच्या आपत्कालीन यंत्रणा प्रामुख्याने याच अपघाताला समोर ठेवून आखल्या गेल्या.

एकसंध रचनेत गाभा, बाष्पजनित्र आणि दाबनियंत्रक हे सगळे एकाच उंच पात्रात बसवतात. मोठे पाइपच उरत नाहीत, त्यामुळे ते फुटण्याचा प्रश्न मिटतो. काही रचनांत पंपही नसतात. चुलीवरच्या पातेल्यात तळाचे पाणी तापून वर येते आणि वरचे गार पाणी खाली उतरते, त्याच नियमाने गाभ्यातले पाणी वर चढते, वरच्या नळ्यांना उष्णता देऊन गार होते आणि कडेने पुन्हा तळाशी जाते. पश्चिम जर्मनीच्या ‘ऑटो हान’ या मालवाहू जहाजात अशा एकसंध धर्तीची भट्टी 1968 ते 1979 या काळात चालली. आज अमेरिकेची न्यूस्केल, अर्जेंटिनाची कारेम, दक्षिण कोरियाची स्मार्ट आणि चीनची लिंगलाँग-1 या त्याच घराण्यातल्या आहेत.

लहान आकाराचा फायदाही खरा आहे. अणुभट्टीतली साखळी क्रिया थांबवली तरी उष्णता थांबत नाही. विखंडनातून तयार झालेली किरणोत्सर्गी मूलद्रव्ये ती देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ती मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसभराने अर्धा टक्का. 200 मेगावॉट वीज देणारी भट्टी साधारण 600 ते 650 मेगावॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे बंद झाल्यावर एका दिवसाने तिच्यात सुमारे तीन मेगावॉट उष्णता उरते आणि ती वाहून न्यायला रोज लाखभर लिटर पाणी उकळावे लागते. दहा हजार लिटरचे दहा टँकर. 1,650 मेगावॉटच्या, जैतापूरसाठी ठरलेल्या भट्टीच्या तुलनेत हा आकडा आवाक्यातला आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण आजवरचे अपघात ज्या वाटांनी आले, त्या वाटा या रचनेने बंद होतात का? 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडला मोठा पाइप फुटला नव्हता. एक झडप उघडी अडकली, पाणी हळूहळू जात राहिले आणि पाणी भरपूर आहे असे मापकाने दाखवल्यामुळे कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केले. गाभ्याचा निम्मा भाग वितळला. 11 मार्च 2011 ला फुकुशिमात भूकंपाने भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या. घात केला तो त्सुनामीने गेलेल्या विजेने. म्हणजे झडप, मापक, वीज आणि माणसाचा अंदाज या ठिकाणी घात झाला. एकसंध भट्टीतही झडपा, मापके, वीज आणि माणसे असतातच.

‘विजेशिवाय, माणसाशिवाय आपोआप थंड होणारी’ असे लहान भट्ट्यांचे वर्णन केले जाते. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही अशी आपोआप चालणारी एक यंत्रणा होती. वाफ उंचावरच्या टाकीतल्या नळ्यांत जायची, तिथे तिचे पाणी व्हायचे आणि ते आपल्याच वजनाने गाभ्याकडे परतायचे. पंपाची गरज नव्हती. पण तिच्या मार्गातल्या झडपा वीज गेल्यावर बंद व्हाव्यात अशा बेतलेल्या होत्या. वीज गेली, झडपा मिटल्या, आणि यंत्रणा चालू आहे की नाही हेच नियंत्रण कक्षाला बराच वेळ कळले नाही. गाभा काही तासांत वितळू लागला. ही भट्टी आणि तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एकाच घराण्यातल्या.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आगीत तारा जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्राची सगळी वीज गेली. नियंत्रण कक्षात धूर शिरल्याने कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. गाभा वाचला तो नैसर्गिक अभिसरणाने, ज्याच्यावर आजच्या लहान भट्ट्यांची भिस्त आहे त्याच तत्त्वाने. पण ते अभिसरण चालू राहिले, कारण कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे डिझेल पंप सुरू करून बाष्पजनित्रांत पाणी सोडले. साखळी क्रिया पुन्हा उचल खाऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण त्यांनी हातांनी झडपा उघडून आत घातले. निसर्गनियमाने काम केले आणि माणसांनीही केले. नरोराची आठवण ठेवणारा कोणीही ‘माणसांची गरज नाही’ हे वाक्य सहज उच्चारणार नाही.

आता बाष्पजनित्रांतल्या नळ्यांकडे वळू. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. प्रत्येकीची मूळ क्षमता 210 मेगावॉट. त्यांच्या दुय्यम बाष्पजनित्रांतल्या नळ्या गळू लागल्या आणि 1980 च्या दशकात क्षमता कायमची 160 मेगावॉटवर आणावी लागली. ती बाष्पजनित्रे दाबपात्राच्या बाहेर होती, म्हणून ती बाजूला काढून भट्टी चालवता आली. एकसंध रचनेत त्याच नळ्या गाभ्याच्या पात्रातच, बहुधा वेटोळ्यांच्या रूपात, दाटीवाटीने बसवलेल्या असतात. त्या तपासायच्या कशा, किती नळ्या बुजवल्यावर भट्टी थांबवायची, बाष्पजनित्र बदलायची वेळ आली तर कापायचे काय, या प्रश्नांची उत्तरे भट्टी बांधण्याआधी मिळायला हवीत. तारापूरने चार दशकांपूर्वीच हे शिकवले आहे.

तारापूरने आणखी एक गोष्ट शिकवली. पहिल्या दोन भट्ट्या अनेक सुरक्षा यंत्रणा सामाईक वापरत होत्या. 2005-06 मध्ये त्या बंद ठेवून या यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, आपत्कालीन विजेसाठी मोठे डिझेल जनित्र बसवले गेले, पूरक नियंत्रण कक्ष उभारला गेला. जगातल्या लहान भट्ट्यांचा कल मात्र उलट्या दिशेचा आहे. न्यूस्केलने एका जलाशयात बारा भट्ट्या आणि त्यांच्यासाठी एकच नियंत्रण कक्ष अशी मांडणी पुढे केली. एक भट्टी लहान असते, केंद्र लहान असेलच असे नाही.

काही धोके तर नव्या रचनेतूनच जन्माला येतात. भट्टीच्या पाण्यात बोरॉन मिसळलेले असते. ते न्यूट्रॉन शोषून साखळी क्रिया आटोक्यात ठेवते. आपत्कालीन स्थितीत पाणी उकळून वाफ होते तेव्हा बोरॉन मागे राहते. ती वाफ गार भिंतींवर निवून जे पाणी होते ते जवळजवळ शुद्ध असते आणि गाभ्याच्या कडेने साचते. नंतर हे पाणी एकदम गाभ्यात शिरले तर बंद झालेली क्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. न्यूस्केलच्या रचनेबाबत ही शंका अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या सल्लागार समितीने 2020 मध्ये उघडपणे मांडली आणि कंपनीला रचनेत बदल करावा लागला. जानेवारी 2023 मध्ये तिच्या 50 मेगावॉटच्या रचनेला प्रमाणपत्र मिळाले, तेव्हाही बाष्पजनित्राच्या नळ्यांतल्या प्रवाहाच्या स्थैर्याचा प्रश्न मिटलेला नव्हता. तो सिद्ध करण्याची जबाबदारी पुढे बांधणाऱ्यावर ठेवली गेली. आपोआप थंड होण्याच्या क्रियेतूनच धोका निपजू शकतो, ही बाब एका स्वतंत्र समितीने विचारले म्हणून बाहेर आली. विचारणारेच नसते तर?

या रचनेचा दीर्घ, मोठ्या प्रमाणावरचा अनुभव अजून जगाकडे नाही. अर्जेंटिनाने कारेमचे बांधकाम फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू केले. ते पूर्ण झालेले नाही. कोरियाच्या स्मार्टला 2012 मध्ये मान्यता मिळूनही ती उभी राहिलेली नाही. न्यूस्केलचा आयडाहोतला पहिला प्रकल्प, 462 मेगावॉटचा, खर्च 9.3 अब्ज डॉलरवर गेल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला. खर्च वाढला की पुढे काय होते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. लहान भट्टीला मोठ्या भट्टीच्या स्वस्ताईचा फायदा नसतो, म्हणून बचत दुसरीकडे शोधली जाते: इमारतीत, पहाऱ्यात, कर्मचाऱ्यांत, आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीत. अमेरिकेत नेहमीच्या केंद्राभोवती सुमारे सोळा किलोमीटरचा आपत्कालीन नियोजनाचा पट्टा असतो. न्यूस्केलसाठी तो केंद्राच्या कुंपणापर्यंत आणता येईल अशा गणितपद्धतीला 2022 मध्ये मान्यता मिळाली. भारतातही सोळा किलोमीटरचाच पट्टा आहे, शिवाय किमान एक किलोमीटरचे वर्जित क्षेत्र. कारखान्याशेजारी किंवा कोळसा केंद्राच्या जुन्या आवारात भट्टी बसवायची तर ही अंतरे घटवण्याचा दबाव येणारच.

पहिला प्रश्न या अंतराचा. हे अंतर म्हणजे काय, ते मानोऱ्याकडे पाहून समजते. सोळा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात अशा तालुक्याचा मोठा भाग बसू शकतो. याच तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. रामनवमीला इथे देशभरातून लाखो बंजारा भाविक येतात. दुसरीकडे दिवाळीनंतर अनेक तांडे ऊसतोडीला आणि शहरांतल्या बांधकामांवर गेल्याने रिकामे होतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि मुले. जनगणनेच्या आकड्यावर स्थलांतराचा आराखडा केला तर तो वर्षातल्या कुठल्याच महत्त्वाच्या दिवशी खरा ठरणार नाही. तांड्यापर्यंत पावसाळ्यात गाडी जाते का, सूचना गोरमाटी बोलीत देणार कोण, आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवणार, हे प्रश्न कुंपणापाशी पट्टा संपवला की विचारलेच जात नाहीत. धोका कमी झाला म्हणून नियोजन थांबवायचे नसते. उलट नियोजन सोपे झाले म्हणून ते नीट करायचे असते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. शीतकरण मनोऱ्यांतून बाष्पीभवनाने थंड होणाऱ्या अणुवीज केंद्राला एका युनिटमागे ढोबळमानाने अडीच लिटर पाणी कायमचे गमवावे लागते. 200 मेगावॉटची भट्टी दिवसाला 48 लाख युनिट वीज देईल आणि सुमारे सव्वा कोटी लिटर पाणी हवेत सोडेल. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने हे दोन लाखांहून जास्त माणसांचे रोजचे पाणी झाले. अरुणावतीसारख्या नद्यांवरची धरणे शेतीसाठी बांधली आहेत. अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक केंद्राला देण्यावरून अमरावती जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जो संघर्ष केला, तो विदर्भ विसरलेला नाही.

मराठवाड्याचा अनुभव याहून गंभीर इशारा देतो. 2013 च्या आणि पुन्हा 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. कोळशाची भट्टी विझवली की काम संपते. अणुभट्टी विझवल्यावरही गाभ्याला पाणी लागते, आणि बाहेर काढलेल्या वापरलेल्या इंधनाला तर पुढची अनेक वर्षे लागते. लहान गाभ्यातून न्यूट्रॉन जास्त निसटतात, त्यामुळे इंधन तितके पूर्ण जळत नाही. तेवढ्याच विजेमागे वापरलेले इंधन जास्त साठू शकते. धरण आटलेल्या उन्हाळ्यातही पुरेल असा, शेतीच्या आणि पिण्याच्या वाट्याला हात न लावणारा राखीव साठा आवारातच असला पाहिजे. भूकंपाबाबतही तोच सावधपणा हवा. दख्खनचे पठार स्थिर आहे असे मानले जात असतानाच 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली आणि हजारो माणसे गेली.

तिसरा प्रश्न देखरेखीचा आणि दायित्वाचा. 2012 मध्ये कॅगने अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वातंत्र्यावर गंभीर प्रश्न उपस्थित केले होते; नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त 500 रुपये दंड होऊ शकतो, हेही त्या अहवालाने नोंदवले. 2025 च्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. त्याच कायद्याने दायित्व मात्र भट्टीच्या आकाराला बांधले. 2010 च्या कायद्यात वीजनिर्मितीच्या भट्ट्यांसाठी चालकाची मर्यादा सरसकट 1,500 कोटी रुपये होती. आता ती सर्वात मोठ्या भट्टीसाठी 3,000 कोटी आणि सर्वात लहान गटासाठी 100 कोटी आहे. भट्टी लहान म्हणून शेतजमीन, विहिरी आणि आयुष्ये स्वस्त होत नाहीत. ज्या कंपनीला आपल्या रचनेवर पूर्ण विश्वास आहे, तिला मोठे दायित्व पत्करायला अडचण नसावी. चालकाच्या खिशाला झळ बसत नसेल, तर नळीची तपासणी पुढे ढकलण्याचा मोह वाढतो.

कोळशाच्या राखेने विदर्भाची जमीन, नद्या आणि फुप्फुसे किती सोसतात हे ठाऊक असताना अणुऊर्जेला डोळे मिटून नकार देणे योग्य नाही. अणुवीज केंद्र चालताना धूर सोडत नाही, रात्रीही वीज देते आणि आपल्याकडे ते चालवण्याचा पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. म्हणूनच अटी स्पष्ट असाव्यात. पहिली लहान भट्टी तारापूरला उभी राहावी आणि अनेक वर्षे चालावी. तिच्या नळ्यांची, झडपांची, अभिसरणाची प्रत्यक्ष निरीक्षणे हाती येईपर्यंत देशात कुठेही वर्जित क्षेत्र आणि आपत्कालीन पट्टा घटवू नये. प्रत्येक भट्टीची आपत्कालीन वीज, पाणी आणि नियंत्रण स्वतंत्र असावे. सुरक्षा-विश्लेषणाचा अहवाल मराठीत, सामान्य वाचकाला कळेल असा, जनसुनावणीच्या किमान सहा महिने आधी खुला व्हावा आणि नियामक मंडळाच्या तज्ज्ञांचे मतभेदही त्यात छापले जावेत. पाण्याचा हिशेब सरासरी पावसाच्या वर्षावर करू नये, सर्वात कोरड्या वर्षावर करावा. दायित्वाची मर्यादा आकाराऐवजी संभाव्य हानीवर ठरावी.

यातली एकही अट भट्टी बांधणे अशक्य करत नाही. त्यामुळे खर्च वाढेल आणि काही वर्षे जास्त लागतील. लहान भट्टीचा सौदा त्या खर्चासकट परवडत असेल तर तो करावा; लोकांच्या वाट्याची सुरक्षा कापल्यावरच परवडत असेल तर तो सौदा आजच नाकारला पाहिजे. हा निर्णय मुंबई-दिल्लीत होईल, पण त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा आणि लेखी उत्तर मिळवण्याचा हक्क मानोऱ्याच्या ग्रामसभेलाही तितकाच आहे, आणि तो हक्क करार होण्याआधी वापरायचा असतो.